झोळ्यांची भिंत

रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला की हंगाम सुरू झाला असे समजावे. देऊळघाटाकडून येणाऱ्या कापसाच्या बैलबंड्या इतक्या ठासून भरलेल्या असतात, की अरुंद वाटेवर बाभळीच्या काट्यांना त्यांतला थोडा थोडा वाटा द्यावाच लागतो. आज सकाळी फिरायला गेलो तेव्हा बंड्या पुढे निघून गेल्या होत्या. घाटाकडच्या वळणाआड बैलांची घुंगरे वाजत होती आणि इकडे काट्याकाट्यावर पांढरे पुंजके थरथरत होते. ते पाहून कुणाला लक्ष्मी आठवत असेल. मला लहान लेकरांच्या पापण्या आठवतात.

बुलढाण्यात कचेऱ्या आहेत, कोर्ट आहे, वकील आहेत, थंड हवा आहे. कारखान्याचे धुराडे मात्र नाही. मी इथे एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवत बसतो, त्याचे एक कारण हेच. तरीही कार्तिक लागला की पहाटे जाग येते आणि अंथरुणात पडल्या पडल्या कान भोंग्याची वाट पाहतात. तो भोंगा इथून कितीतरी कोसांवर, घाटाखाली, वरवट बकालच्या काळ्या सपाटीवर वाजतो. इथवर ऐकू येणे शक्यच नाही. पण वाजला असेल, अशी मी मनाची समजूत घालतो. कारण भोंगा वाजला, याचा अर्थ काल तिथे काही झाले नाही.

मी बॉयलर तपासनीस होतो. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या बॉयलर खात्यातला सगळ्यांत धाकटा. कापसाचा हंगाम आला की जिनिंगच्या कारखान्यांची धुराडी पेटायची, आणि ज्या लोखंडी पिंपात पाणी उकळून त्या वाफेवर कापसातली सरकी काढणारे सगळे रेचे फिरायचे, ते पिंप धड आहे की नाही हे बघत मी गावोगाव हिंडायचो.

आमच्या घरी पाठ्यपुस्तकाआधी पत्रके आली. वडिलांनी मला बाराखडी शिकवली ती ते स्वतः छापून वाटत त्या दारूबंदीच्या आणि स्वदेशीच्या पत्रकांवर बोट ठेवून. त्यामुळे माझी पक्की समजूत होती, की खरी गोष्ट ठळक अक्षरांत छापली की माणसे ती वाचतात, आणि वाचली की तसे वागतात. मी सरकारी नोकरी धरली तेव्हा घरात सुतक आल्यासारखे झाले. मी वडिलांना म्हणालो, "बॉयलर फुटतो तेव्हा साहेबाघरचं कुणी मरत नाही. आपलीच माणसं मरतात. त्यांना वाचवणं ही काही चाकरी नव्हे." वडील म्हणाले, "हे छापायला घेऊ काय?" ते चेष्टेत म्हणाले की मनापासून, हे मला अजून कळलेले नाही.

थंड बॉयलरच्या पोटात शिरणे हा एक वेगळाच अनुभव असतो. माणूस जेमतेम मावेल एवढ्या भोकातून आत सरकायचे, दिवा पुढे धरायचा आणि हातोडीने पत्रा ठोकत जायचे. चांगला पत्रा घंटेसारखा उत्तर देतो. झिजलेला गप्प राहतो. त्या भागातल्या विहिरी खाऱ्या. त्या पाण्याची पुटे आत अशी चढतात, की दिव्याच्या उजेडात मिठाच्या गुहेत शिरल्यासारखे वाटते. बाहेर आलो की ओठांवर खारट चव, कानात ठोक्यांचा आवाज, आणि समोर कारखान्याचा दिवाणजी चहाची बशी घेऊन उभा. मला त्या चहाची चीड होती. मी तो कधी घेतला नाही. माझ्यामागून आलेल्यांनी घेतला असावा.

सरकारी नियमांत सगळे असे. पत्र्याची जाडी, वाफेचा दाब, झडपांची संख्या. भिंतीच्या पलीकडे कोण निजले आहे, हे मात्र कुठल्याच रकान्यात नसे.

वरवट बकालच्या वाटेवरच्या त्या कारखान्यात मी पोहोचलो तेव्हा हंगाम भरात होता. फाटकापासून मैदानभर बंड्यांची रांग लागलेली. आत रेच्यांचा खडखडाट असा, की बायका एकमेकींशी ओठांवरूनच बोलत. रुई उडत होती. ती भुवयांवर, केसांवर, पदरावर बसून तरण्या पोरीही म्हाताऱ्या दिसत होत्या. त्या गोंगाटातून बाहेर आलो, बॉयलरच्या खोलीला वळसा घातला, आणि थबकलो.

खोलीच्या मागच्या भिंतीला ओळीने झोळ्या टांगल्या होत्या. जुन्या लुगड्यांच्या, हिरव्या, तांबड्या, विटलेल्या. खुंट्यांना आणि वरच्या वाशाला बांधलेल्या. एकेका झोळीत एकेक लेकरू. सातपुड्यावरून येणारे हीव त्या सपाटीवर उघड्यावर कुणाला सोडत नाही, पण ही भिंत आतल्या आगीने दिवसभर ऊन राहायची. कामावर येताना बायका लेकरे आणत आणि सगळ्यांत उबदार जागी ठेवत. लेकरांच्या पापण्यांवर रुईची बारीक लव बसलेली. सगळी गाढ झोपलेली. इतक्या सुखाने झोपलेली लेकरे मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

मग मी आत गेलो.

बॉयलरच्या माथ्यावर एक झडप असते. वाफ कोंडून प्रमाणाबाहेर गेली, की ती आपोआप उचलली जाते आणि जादा वाफ शिट्टी मारत आभाळात जाते. झडपेवर लोखंडी दांडी, दांडीच्या टोकाला वजन. बॉयलरचा जीव त्या दांडीत असतो. कायद्याने अशा दोन झडपा हव्यात. इथली एक गळत होती, म्हणून मालकाने तिच्यावर लोखंडी झाकण ठोकून टाकलेले. फुकट जाणारी वाफ म्हणजे फुकट जाणारा कोळसा, हा त्याचा हिशेब. आणि दुसरी झडप मला दिसेचना. तिथे मारोती बसला होता.

शेंदराचा एक गोळा. झडप, दांडी, दांडीचा खिळा, सगळे त्या तांबड्या लेपाखाली गडप झालेले. वर रुईच्या झाडाच्या फुलांचा हार. मी दांडीला हात घातला आणि जोर लावला. ती भिंतीत चिणलेल्या सळईसारखी घट्ट.

भट्टीपुढे सुभानचाचा उकिडवा बसला होता. आगवाला. भट्टीत कोळसा टाकणे आणि वाफेच्या काट्यावर नजर ठेवणे हे त्याचे काम.

मी विचारले, "चाचा, ही दांडी शेवटची कधी उचलली होती?"

"कायले उचलाची साहेब? मारोतीची शेपटी कोनी वढते का?"

"आणि वाफ जास्त झाली तर?"

"तं मी हाये ना. एक डोया काट्यावर, एक डोया भट्टीवर."

"आणि झोप आली तर?"

"झोपेसाठी तिसरा डोया लागते साहेब. तो अल्लानं मले देल्ला नाई." तो हसला. त्याचे दोन्ही डोळे रक्ताळलेले होते. तोच दिवसपाळीला, बहुतेक वेळा तोच रातपाळीला. त्या बॉयलरची खरी झडप म्हणजे हे दोन डोळे, एवढे मला त्या क्षणी समजले.

"शेंदूर कोण लावतं?"

"बाया लावतात. मी कायले लावू? मी त्याले जेवू घालतो फक्त." त्याने फावडे कोळशाकडे दाखवले. "सरूबाईले विचारा."

सरूबाई ही बायकांची मुकादम. उंच, वाळलेली, तंबाखूने काळवंडलेले दात. तिची नात त्याच झोळ्यांपैकी एकीत होती, अजून नावही न ठेवलेली. मी शेंदराबद्दल विचारले तेव्हा तिला वाटले मी कौतुक करतो आहे. हंगामाची पहिली आग पेटते त्या दिवशी बायका मारोतीला शेंदूर चढवतात, जुना न काढता त्यावर नवा, असे तिने सांगितले.

"आंधी गोड्या तेलात कालवत होतो. मंग आगीनं तो सारा वघयून जाये. देव उघडा पडे. मंग मीच म्हनलं, जवसाचं तेल घेऊन पाहू. पाहा आता, कसा बसला! नखानं निघत नाई."

मला मुंबईच्या यंत्रशाळेतला पहिला धडा आठवला. नळाच्या सांध्यातून वाफ गळत असेल तर शेंदूर जवसाच्या तेलात कालवावा आणि सांध्याला थापावा. उष्णतेने तो दगड होतो, मग वाफेच्या बापालाही जाता येत नाही. आमच्या मास्तरांनी तो लेप फळ्यावर लिहून दिला होता. सरूबाईला तो भक्तीने सापडला होता.

मी म्हणालो, "मावशी, हे वाफेचं तोंड आहे. वाफ कोंडली की ते उघडायला हवं. तुम्ही ते बुजवलंत. हा बॉयलर फुटला तर ही भिंत आधी जाईल. आणि भिंतीला तुमची लेकरं टांगलेली आहेत."

"म्हनूनच तं लावतो!" सरूबाई म्हणाली.

 

मी आग विझवायला लावली. भट्टीच्या दाराला लाखेचे सरकारी सील ठोकले. रेचे एकेक करून थांबले, आणि त्या कारखान्यात इतकी शांतता पसरली, की रांगेतल्या बैलांचे रवंथ ऐकू येऊ लागले. "कोन हाये बे हा शहाना?" एक बंडीवाला ओरडला. दिवाणजी मात्र ओरडला नाही. त्याने चहा मागवला, माझ्यापुढे ठेवला, आणि मालकाला कळवायला घोडा जुंपून निघून गेला.

झडप सोडवण्याचे काम खरे तर एका मिस्त्रीचे. पण मिस्त्रीने कानाला हात लावले. "देव खरवडाचं काम माह्याच्यानं होनार नाई साहेब. तुमी दुसरं कायबी सांगा." म्हणून मी स्वतः छिन्नी घेऊन शिडी चढू लागलो, तर सरूबाई शिडीच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. तिच्यामागे बाकीच्या बायका. कुणी आरडाओरडा केला नाही. त्या नुसत्या उभ्या होत्या, केसांत रुई घेऊन.

"खाली उतर भाऊ," ती म्हणाली. साहेबाचा भाऊ झाला होता, आणि ते मला अधिक लागले.

पोलीस बोलावता आले असते. मला तसा अधिकार होता. पण ज्या सरकारच्या लाठीविरुद्धची पत्रके वाचत मी मोठा झालो, तीच लाठी या बायकांच्या पाठीवर बोलवायची, आणि ती त्यांच्याच जिवासाठी? मी शिडीवर उभा होतो. हातात छिन्नी होती, डोक्यात कायदा होता, मनात खरेपणा होता. आणि या तिन्हींचा मला काडीचा उपयोग नव्हता. माझ्या उभ्या आयुष्यात तेवढा एकटा मी कधी पडलो नाही. मी उतरलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बायका आल्याच. काम नव्हते, तरी आल्या. फाटक उघडेल या आशेने. सवयीने झोळ्याही त्याच भिंतीला टांगल्या. आणि लेकरे रडू लागली. आधी एक, मग दुसरे, मग सगळी भिंत रडू लागली. सरूबाईची नात खोकत होती. सरूबाईने येऊन माझे मनगट धरले, मला ओढत तिथे नेले आणि माझा तळहात विटांवर दाबला.

"लाव हात. लाव ना! कशी हाये?"

"थंड."

"दिवाळीपासून आमी हिले ऊन ठेवलं. तू एका दिवसात मारून टाकली. अन् म्हनतोस लेकराईसाठी करतो!"

जे मरण यायचे आहे ते मला दिसत होते, जो खोकला आला आहे तो तिला दिसत होता. मरण माझ्या पुस्तकात होते. खोकला तिच्या मांडीवर होता. मी तिच्याकडे घोंगडी घेऊन गेलो, तर तिने ती घेतली आणि तोंड फिरवले. घोंगडी घ्यावी लागते. माणूस घ्यावा लागत नाही.

मग वरून तार आली. हंगाम संपेपर्यंत कमी दाबावर बॉयलर चालवण्यास हरकत नाही. दाब कमी आहे की जास्त, हे कोण बघणार? सुभानचाचा. कशाने बघणार? त्याच दोन डोळ्यांनी. ते सील मला माझ्याच हाताने फोडावे लागले. आग पेटली, भोंगा वाजला, बायकांनी टाळ्या पिटल्या. दिवस कलेपर्यंत भिंत ऊन झाली आणि लेकरे एकेक करून झोपी गेली. खोकलाही थांबला. मी फाटकाबाहेर पडत असताना कुणीतरी हाक मारली, "साहेब, जाताना हात शेकून घ्या!" सगळ्या खळखळून हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता. म्हणूनच ते अजून माझ्या अंगात रुतून आहे.

मी नोकरी सोडली. वडिलांना आनंद झाला, तो बघवला नाही.

त्यानंतर मी जे मला येत होते ते केले. पत्रक काढले. सरकारला शिव्या घातल्या, मालकाच्या ठोकून बंद केलेल्या झडपेबद्दल लिहिले, ज्या रुईसाठी हे चालते ती कुणाच्या अंगावर जाते ते लिहिले, आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत छापले: ही भिंत मृत्यूची आहे. फाटकाशी उभा राहून स्वतः वाटले. बायकांनी हसतमुखाने घेतले. वाचता कुणालाच येत नव्हते, म्हणून मी वाचून दाखवले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, कीर्तनात ऐकतात तसे, आणि कामाला गेल्या. सुभानचाचाने उरलेला गठ्ठा मागून घेतला. भट्टी पेटवायला कोरडा कागद बरा पडतो म्हणाला. सरूबाईने एक पान नातीच्या झोळीवर पसरले. "लई चांगला कागद हाये रे. रुई पडत नाई लेकराच्या तोंडावर." मी वाकून पाहिले. ते लेकरू माझ्या ठळक अक्षरांखाली झोपले होते.

"मावशी, निदान झोळ्या तरी इथं टांगू नका."

"मंग कुठं टांगू? बाभयीले?"

तेव्हापासून मी बाभळीकडे नीट बघू लागलो. काट्यावर थरथरणारा कापूस.

बॉयलर फुटला नाही. मी जे सांगितले ते घडले नाही. नवे तपासनीस आले, त्यांनी दांडीला हात लावला नाही, देवाला हात जोडले आणि चहा घेतला. दर हंगामी मारोती थोडा जाड होतो. एखाद्या पहाटे, भोंग्याची वाट बघताना, मनात एक विचार येतो: फुटेल तेव्हा तरी त्यांना कळेल. हा विचार आला की मी अंथरुणातून उठून बसतो आणि स्वतःचीच शिसारी येते. ज्यांचे जीव वाचावेत म्हणून मी भांडलो, त्यांच्याच मरणात माझा खरेपणा सिद्ध व्हायचा आहे. खरे बोलणाऱ्याची याहून वाईट दशा कुठली? त्याने देवाला काय मागावे? आपण खोटे ठरू दे, एवढेच. मी देव मानत नाही, तरी एवढे मागतो.

परवा मात्र मी पुन्हा गेलो. यंदाच्या पहिल्या आगीचा दिवस होता. या वेळी हातात पत्रक नव्हते. बरेच दिवस घोळवलेली एक युक्ती होती.

सरूबाई आता वाकली आहे. शेंदराचे वाडगे मात्र तिच्याच हातात होते. शेजारी तिची नात, आता चालती-बोलती, तिच्या लुगड्याला धरून उभी. तिच्या झोळीच्या जागी आता धाकट्या भावाची झोळी होती.

मी म्हणालो, "मावशी, लेकरं असतात इकडे भिंतीला. आणि देव तिकडे लोखंडावर एकटा. राखणदार लेकरांच्या डोक्याशी नको का?"

ती विचारात पडली. भट्टीपाशी बसलेल्या सुभानचाचाला तिने विचारले, "काऊन हो, बराबर बोलून राह्यला का हा?"

"पह्यल्यांदा," सुभानचाचा म्हणाला.

बायका हसल्या. मग सरूबाई भिंतीपाशी आली. तिने विटांवरची धूळ पदराने पुसली, बोटे शेंदरात बुडवली आणि झोळ्यांच्या वर मारोती काढू लागली. अंधश्रद्धेवरची किती पत्रके मी जुळवली असतील. पण त्या वेळी वाडगे मी धरले होते. मनात हिशेब सुरू झाला होता: देव हलला, की झडप फक्त लोखंड राहील. लोखंडाला छिन्नी चालते. उद्या मिस्त्रीला आणीन. उद्याच.

मारोती झाला. गदा जरा वाकडी, डोळे मोठे. सगळ्यांनी हात जोडले. सरूबाईने माझ्या हातातून वाडगे घेतले, उरलेला शेंदूर बोटाने गोळा केला, आणि शिडीकडे चालू लागली.

"मावशी! आता तिकडं कशाला? देव इकडे आला ना?"

"आला ना." ती शिडी चढत होती. "तुह्यामुयं आला. लई चांगलं केलं. पन म्हनून जुन्याले उपाशी ठेवू का? दोघं मियून राखतीन."

दांडीवर, खिळ्यावर, झडपेवर नवा थर बसला. ओला, चकाकणारा. सुभानचाचाने आग घातली.

मी भिंतीपाशीच उभा राहिलो. परत निघायला हवे होते. बायका आवार झाडत होत्या, एकेक करून झोळ्या बांधत होत्या. ऊन कलले. सातपुड्याकडून वारा सुटला आणि कान झोंबू लागले. नव्या मारोतीखालच्या झोळीत सरूबाईचा नातू चुळबुळत होता. हळूहळू तो शांत झाला. त्याच्या मुठी उघडल्या. मी पुढे होऊन विटांवर तळहात ठेवला.

"कशी हाये रे?" सरूबाईने लांबून विचारले.

"ऊन आहे, मावशी."

बाहेर हीव फार होते. हात काढवेना.